घरी रायफल बनवता येते का? नवख्या नेमबाजासाठी कायदा आणि कारागिरी

काही महिन्यांपूर्वी आमच्या रेंजवर एक पोरगा आला. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड करतोय, वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. हातात कला आहे, हे त्याची बोटं बघूनच कळत होतं. पंधरा मिनिटं गप बसून बघितलं आणि मग हळूच विचारलं, "काका, अमेरिकेतली माणसं घरी टेबलावर रायफल जोडतात, व्हिडिओ बघितलेत मी. आपल्याला जमंल की! लेथ आहे, मिलिंग आहे. बॅरलचं काम आमच्यात काढलं तर?"

मी त्याला तिथेच थांबवलं. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखाच प्रश्न मनात घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. नळी, चेंबर, घोड्याची यंत्रणा यांतलं काहीही भारतात घरी बनवायचं नाही, बदलायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही. पण रायफलीचा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा जो भाग तुमच्या खांद्याला, गालाला आणि हाताला टेकतो, तो तुमच्या शरीरावर बसवणं, घरात सरावाची सुरक्षित रेंज उभी करणं, पेलेट म्हणजे एअर रायफलीची शिशाची बारीक गोळी निवडणं, हे सगळं हाताचंच काम आहे. त्यात कसबी माणसाला वर्षानुवर्षं पुरेल एवढं शिकायला मिळतं.

आधी कायदा, मग खरेदी

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या कायद्यातली तीन कलमं नवख्या माणसाने समजून घ्यावीत.

कलम ३ सांगतं की बंदूक किंवा काडतूस बाळगायला परवाना लागतो. कलम ५ त्याहून महत्त्वाचं आहे. परवान्याशिवाय शस्त्र तयार करणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, सगळं त्या एकाच कलमात बसतं. म्हणजे "मी विकणार नाही, फक्त माझ्यासाठी बनवतोय" याला काही अर्थ उरत नाही. तुमच्याकडे बंदूक बाळगायचा परवाना असला तरी तो बनवायचा परवाना होत नाही. कलम ६ नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्याबद्दल आणि नळी कापून आखूड करण्याबद्दल आहे.

शिक्षेचं कलम २५. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, शिवाय दंड. त्या पोराला मी हा आकडा सांगितला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण वर्कशॉपमध्ये कुणी मित्र "एवढी एक नळी काढून दे" म्हणाला तर काय होऊ शकतं, हे त्याच्या वडिलांनाही ठाऊक असायला हवं. कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. आवाज कमी करणारा सायलेन्सर तर बंदुकीच्या व्याख्येतच घातलेला आहे. तो वेगळा "अ‍ॅक्सेसरी" म्हणून सुटत नाही.

अमेरिकेत काय चालतं हा वेगळा विषय. तिथे केंद्रीय कायद्याने स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला बऱ्याच जणांना मुभा आहे, तरी राज्याराज्यांत नियम बदलतात आणि काही राज्यांत घरगुती बंदुकीवरही अनुक्रमांक टाकावा लागतो. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांनी आपल्या राज्याचा कायदा बघावा. इथे बसून ते व्हिडिओ बघणाऱ्याने मात्र एवढंच धरून चालावं की त्यातलं एकही पाऊल आपल्याकडे चालत नाही.

माळ्यावरची ठासणीची बंदूक

कोकणात, घाटमाथ्यावर, गोव्यातही जुन्या घरांमध्ये हा प्रश्न येतोच. आजोबा गेले, वाडा साफ करायला घेतला आणि माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. पीक राखायला म्हणून पूर्वी परवाने दिले जायचे, त्यातली. परवाना कुठे आहे कुणालाच माहीत नाही. घरातला हौशी नातू लगेच घासलेट आणि काथ्या घेऊन ती चकाचक करायला बसतो.

ते करू नका. ज्या जुन्या हत्याराचा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, त्याला कायद्यात सूट आहे. पण ते हत्यार त्या अवस्थेत आहे की नाही, हे तुम्ही आम्ही ठरवायचं नसतं. आणि ती चालती करायच्या प्रयत्नाला लागलात की तुम्ही स्वतःच त्या सुटीतून बाहेर पडता. आहे तशी ठेवा, घरातल्या मोठ्या माणसाने पोलीस ठाण्यात लेखी कळवावं, अर्जावर पोच घ्यावी. वारसाने परवाना मिळवायची वाट कायद्यात आहे, नको असेल तर जमा करायचीही आहे.

२० जूल आणि ४.५ मिलिमीटर

आता आपल्या कामाची रायफल, म्हणजे एअर रायफल. दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेने शिशाचा पेलेट निघतो. १० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात हीच वापरतात. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं ते यातच.

भारतात सगळ्याच एअर रायफली विनापरवाना चालतात असा मोठा गैरसमज आहे. २०१६ च्या नियमांत दोन मर्यादा आहेत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूल. या दोन्हींच्या आत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दोघांपैकी एकही ओलांडली की ती परवान्याची वस्तू झाली.

हे आकडे हाताने करून बघा, डोक्यात पक्के बसतील. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. मॅचचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ०.०००५३ किलो. १० मीटरच्या रायफलीतून तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. १७० चा वर्ग २८,९००. गुणून निम्मं केलं की साडेसात-पावणेआठ जूल येतात. म्हणजे स्पर्धेच्या रायफलीला मर्यादेच्या निम्मीसुद्धा ताकद लागत नाही. दुकानात कुणी "ही जास्त पॉवरची आहे, घ्या" म्हणून गळ्यात मारायला लागला, तर नेमबाजीला त्या पॉवरचा काडीचा उपयोग नाही हे लक्षात ठेवा.

आता दुसरं उदाहरण. ५.५ मिलिमीटरची एअर गन, पेलेट ०.९ ग्रॅम, वेग २००. हिशेब केला तर १८ जूल येतात. ऊर्जा मर्यादेत आहे, पण व्यास नाही. परवाना लागणारच. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला वानरं हाकलायला म्हणून एका दुकानदाराने अशी गन विकली, पावती न देता. "एअर गनला काही लागत नाही" हे त्याचं वाक्य. ते वाक्य पोलिसांसमोर चालत नाही.

आणखी एक. काही पीसीपी, म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या, रायफलींमध्ये रेग्युलेटर किंवा हॅमरची स्प्रिंग बदलून ताकद वाढवतात. रायफल घेतली तेव्हा १६ जूलची होती, तुम्ही ती २५ ची केलीत, तर विनापरवाना शस्त्र तयार केलंत. ट्यूनिंगच्या नादाला लागू नका. अंतर्गत दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक आर्मररकडेच.

खरेदी करताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, दुकानदार त्याची नोंद करून घेईल. जो नोंद करत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पक्की पावती घ्या, त्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि व्यास लिहून घ्या. ऊर्जा किंवा वेग छापलेलं कंपनीचं पत्रक मागून घ्या. या दोन कागदांच्या झेरॉक्स रायफलीच्या पेटीत कायम राहू द्यात. मुलासाठी घेत असाल तर पालकांच्याच नावावर घ्या.

पाखरं, खारी, वानरं यांच्यावर एअर रायफल रोखायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली शिकार म्हणजे शिकारच, हत्यार हवेचं असो वा दारूचं. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी स्वतःहून एअर गन जमा कराव्यात म्हणून मोहीमच काढावी लागली, कारण जंगलातली पाखरं संपत चालली होती. आपल्या माळरानावरच्या चंडोलाला आणि होल्याला तीच भीती आहे.

पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका

रायफलीआधी क्लब शोधा. महाराष्ट्र या बाबतीत भाग्यवान आहे. पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात १९९४ च्या राष्ट्रीय खेळांपासून रेंज आहे. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पनवेलला सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य' क्लब. कोल्हापुरात दुधाळीची रेंज, जिथून तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत पुढे गेल्या. तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत रायफल हातात आली आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक गळ्यात पडलं. गावाकडच्या पोरांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण हा फक्त पैसेवाल्यांचा खेळ आहे असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं.

क्लबची रायफल भाड्याने किंवा फीमध्येच मिळते. तीन महिने तिच्यावर काढा. तोवर तुम्हाला कळेल की तुमचे हात लांब आहेत का, मान आखूड आहे का, कमरेचं हाड कुठे येतं. हे कळल्याशिवाय घेतलेली रायफल बहुतेक वेळा चुकीची असते.

रेंजवर पहिल्या दिवशी शिकायच्या गोष्टी तीनच. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. आणि रायफल खाली ठेवली की बोल्ट, म्हणजे पेलेट भरायची खिट्टी, उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, ती भडक रंगाची दोरी. ती दोरी दिसली की रेंजवरच्या प्रत्येकाला लांबूनच कळतं की रायफल रिकामी आहे. "स्टॉप" आलं की अर्धवट नेमसुद्धा सोडायचा. कितीही अनुभवी माणूस असला तरी त्याच्या शब्दावर रायफल रिकामी समजू नका, स्वतः बघा.

कोणती रायफल घ्यावी

तीन जाती आहेत. स्प्रिंगची, म्हणजे नळी किंवा दांडा मोडून ताणायची. स्वस्त, दणकट, काही हजारांत मिळते, पण सुटताना आत पिस्टन धडकतो आणि रायफल उसळते. दुसरी एका दाबात हवा भरून घेणारी, आता कमी दिसते. तिसरी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेली. स्पर्धेत आज सगळे हीच वापरतात. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ, वाल्टर, आन्शुट्झ किंवा ऑस्ट्रियाच्या स्टायर घ्यायच्या म्हटलं तर आकडा लाखांत जातो. वापरलेली मिळते, पण तिच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. जर्मन कंपन्यांच्या सिलिंडरना साधारण १० वर्षांची मुदत असते. त्यानंतर रायफल कितीही चांगली दिसली तरी सिलिंडर नवा घ्यावा लागतो. विकणारा बऱ्याचदा हे सांगत नाही.

सुरुवातीला ओपन साईटची, म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी जुळवून नेम धरायची, देशी रायफल पुरते. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट (बारीक छिद्रातून बघायची) असे वेगळे गट असतात, त्यामुळे महागड्या साधनाशिवायही स्पर्धेत उतरता येतं. दुर्बीण लावायची नाही, १० मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही.

स्प्रिंगच्या रायफलीला पेलेटशिवाय कधी चाप ओढू नका. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आदळतो आणि स्प्रिंग, सील दोन्ही जातात. पीसीपी मॅच रायफलीत कोरड्या, म्हणजे पेलेटशिवायच्या, सरावाची वेगळी सोय असते, ती वापरा.

पीसीपीमध्ये फक्त कोरडी स्वच्छ हवा. ऑक्सिजनचा सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आला की स्फोट होऊ शकतो. हातपंपाने भरत असाल तर कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पंपाची पाणी टिपणारी गाळणी वेळेवर बदला, नाहीतर सिलिंडरच्या आत ओल जाते आणि गंज सुरू होतो.

आता खरी कारागिरी: रायफल अंगावर बसवणं

त्या आयटीआयच्या पोराला मी सांगितलं, तुला बनवायचंच आहे ना, मग रायफलीवर गाल टेकवायची गालपट्टी बनव. त्याने शिसवीचा एक तुकडा आणला. तीन आठवडे तो त्यावर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसला होता.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी स्टॉकची, म्हणजे दस्त्याची, लांबी. कोपर काटकोनात वाकवा, रायफलीचं मागचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज यायला हवं. बोट ताणावं लागलं तर स्टॉक लांब, बोट पुढे उतू गेलं तर आखूड. बट प्लेटमागे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीमागे, सुताराकडून कापून घेतलेल्या ३ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या घालून लांबी वाढवता येते. एका वेळी एकच पट्टी.

मग बट प्लेटची उंची. इथे मी स्वतः सहा महिने चुकलो. बट प्लेट स्टॉकवर जास्त वर राहिली होती, त्यामुळे रायफल डोळ्यापर्यंत आणायला मी मान पुढे काढून झुकवायचो. चाळीस गोळ्यांनंतर मानेची डावी बाजू भरून यायची आणि शेवटच्या दहा गोळ्या कायम उजवीकडे जायच्या. मी ट्रिगरला दोष देत राहिलो. शेवटी एका ज्येष्ठ कोचनी मला आरशासमोर उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि मग म्हणाले, "आता उघडा डोळे." डोळा साईटच्या चांगला वर होता. बट प्लेट १२ मिलिमीटर खाली सरकवली, रायफल तेवढी वर आली आणि मान सरळ झाली. नेहमी असंच करा. डोळे मिटून रायफल लावा, मग उघडा. डोक्याने रायफलीकडे जायचं नाही, रायफल डोक्याकडे यायला हवी.

तिसरी गालपट्टी. गालाचं हाड तिच्यावर जड होऊन विसावायला हवं, दाबायला नको. ती जास्त उंच झाली की दाब देऊन डोळा खाली आणावा लागतो आणि गोळी सुटताच गाल सुटतो. पोराने पट्टी एकदा जास्त जाड ठेवली. त्याच्या गालाला पट्टीच्या धारेची लाल रेघ उमटायची. मग त्याने ती धार गोल केली, दोन मिलिमीटर उतरवली, आणि पट्टीवर पेन्सिलीने जिथे गाल टेकतो तिथे खूण केली. मॅचभर खूण झाकली गेली पाहिजे. लाकूड तासताना एक काळजी घ्या. घासायचं ते फक्त लाकूड. यंत्रणेच्या स्क्रूला, ट्रिगरच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही.

उभ्याने नेम धरताना डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर, बरगडीवर टेकतं. रायफलीचं वजन हाडांनी पेलायचं, दंडाच्या स्नायूंनी नाही. मूठ, उघडा पंजा की बोटांचा टेकू, हे हाताच्या लांबीवर ठरतं. हात आखूड असेल तर पुढच्या बाजूला उंचवटा लावतात, त्याला रायझर म्हणतात. तो लाकडाचाही करता येतो.

वजनं घालायची तर मर्यादा आहे. १० मीटर एअर रायफलचं वजन साईटसकट ५.५ किलोच्या वर चालत नाही, आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. आम्ही रायफल किराणा दुकानातल्या काट्यावर आधी मोजून घेतो, दुकान बंद झाल्यावर, पेटीत घालून, पेटीचं वजन वजा करून.

प्रत्येक बदल वहीत लिहा. तारीख, कोणता स्क्रू, किती आटे, त्या दिवसाचा गट, म्हणजे कार्डावरचा गोळ्यांचा पुंजका, केवढा. एका दिवसात एकच बदल, आणि तो निदान ३०० गोळ्या तसाच ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

घरातली रेंज

दहा मीटर मोकळी जागा असेल तर उत्तम. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर. कार्ड ८० मिलिमीटर चौरस, त्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हो, अर्धा. पहिल्यांदा कार्ड हातात घेतलेला प्रत्येक जण तो ठिपका बोटाने पुसून बघतो, छपाईचा डाग आहे का म्हणून. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर ५ मीटरवर निम्म्या मापाचं कार्ड छापून लावा, नेमाचं चित्र जवळपास तेच दिसतं.

पेलेट अडवणारी पेटी नीट करा. माझी पहिली पेटी नुसत्या प्लायची होती. एके दिवशी एक पेलेट गाठीवर आदळून परतला आणि मागची ट्यूबलाईट फुटली. तिथे तेव्हा कुणी उभं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ती पेटी मोडली. आता ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ४५ अंशांत बसवलेला आहे, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे पेलेट आदळून खाली वाळूच्या ट्रेमध्ये पडतो. पेटीच्या मागे भिंतच हवी, खिडकी किंवा दार नको. बाजूने कुणी मध्येच येऊ शकेल असं दार असेल तर ते आतून बंद. आणि घरात गोळीबार करताना डोळ्यांवर चष्मा, बघणाऱ्यांच्याही.

गच्चीवर, अंगणात, जिथून पेलेट कंपाउंडबाहेर जाऊ शकतो तिथे नको. शेजाऱ्यांना आधी सांगा, हवं तर बोलावून पेटी दाखवा. बंदुकीच्या आकाराची वस्तू खिडकीतून दिसली तर माणसं घाबरणारच, त्यात त्यांची चूक नाही.

पेलेट शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुवा, मगच चहाचा कप उचला. पेलेट ओठात धरायची सवय काहींना असते, ती लहान मुलांना बघूही देऊ नका. ट्रेमधली वाळू कोरडी झाडून धूळ उडवू नका, शिसं वेगळं करून भंगारवाल्याला द्या.

रायफल आणि पेलेट वेगवेगळ्या कपाटांत, दोन्हीला कुलूप, चाव्या मुलांच्या हाताबाहेर. नेताना बंद पेटीत, पावती आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. रिक्षात, एसटीत पेटी उघडायची नाही, कितीही कौतुकाने कुणी विचारलं तरी. विमानाने जाताना एअरलाइनला आधी कळवा, काउंटरवर सांगा, चेक-इन सामानात द्या आणि सिलिंडर रिकामा करून न्या.

पुढे ०.२२ कडे जायचं असेल तर

स्वप्नील जी खेळतो ती ५० मीटरची रायफल ०.२२ ची, काडतुसाची. तिला परवाना लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे. त्याआधी शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि पोलिसांची चौकशी होते. स्वतःच्या नावावर परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, पण त्याखालच्या मुलांना क्लबमध्ये प्रशिक्षणात नेम धरायची सोय कायद्याने ठेवली आहे. २०१९ पासून सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना ५ वर्षांचा असतो. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना टार्गेट सरावाच्या ०.२२ आणि एअर रायफलीसाठी त्या संख्येतून सूट आहे. म्हणूनच सदस्यत्व कागदावर आणि चालू असायला हवं, फी भरायला विसरू नका.

पहिली स्पर्धा

रोज ४० गोळ्या स्थिर बसायला लागल्या की जिल्हा स्पर्धेला नाव द्या. तिथून राज्य, राज्याची मुख्य स्पर्धा कॅप्टन इझिकेल यांच्या नावाने होते. पुढे मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, मूळ घराणं संगमेश्वरकडच्या मावळंग्याचं. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. कोकणातल्या पोरांना हे सांगितलं की ती स्पर्धा त्यांना जवळची वाटते.

आदल्या रात्री पेटीत काय आहे ते बघा. सेफ्टी फ्लॅग आणि एक जास्तीचा. सिलिंडरवरची तारीख वाचता येते का. वही. पेलेट एकाच डब्यातले, कारण दोन डब्यांचा गट वेगवेगळा पडतो. नखं कापलेली, ट्रिगरवरचं बोट कोरडं. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साधनं तपासायच्या, टेबलावर रायफल काट्यावर चढते, तेव्हा तिथल्या पंचाने विचारण्याआधीच बोल्ट उघडा ठेवा. आमचा आयटीआयचा पोरगा मागच्या महिन्यात त्या टेबलासमोर उभा होता. काट्यावर ४ किलो ९०० ग्रॅम आले. पंचांनी शिसवीच्या गालपट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही कुणी केली?"

"मी," तो म्हणाला, आणि फ्लॅग नळीत नीट आहे ना ते परत एकदा बघितलं.